सामोवार आणि स्ट्रँड

मुंबईतल्या काळ्या घोड्याच्या रिदम हाउसचा, त्या संगीताच्या दुकानाचा, विषय निघाला की समोरचं सामोवार हे कॅफे कसं विसरणार? जहांगीर कलादालनाच्या व्हरांड्यातली ती रेल्वेच्या डब्यासारखी लांबट, चिंचोळी जागा, वेताच्या खुर्च्या, बाजूला झाडं. एका पुदिना चहावर चित्रांबद्दल तावातावाने वाद घालावेत! २०१५ मध्ये ते गेलं, पाठोपाठ २०१६ मध्ये रिदम हाउसही.

पण मला सर्वांत जास्त चटका लावला तो फोर्टातल्या स्ट्रँड बुक स्टॉलने. शानभागांनी १९४८ साली सुरू केलेलं हे दुकान २०१८ मध्ये बंद झालं. सुंदराबाई हॉलमधल्या त्यांच्या सेलमधून जड पिशव्या सावरत चर्चगेट गाठायचं आणि गाडी सुटण्याआधीच पहिलं पुस्तक उघडायचं. पगार बेताचा असणाऱ्यांनाही त्या दुकानामुळे घरी पुस्तकं जमवता आली, हे मला फार मोलाचं वाटतं.