संगणक केंद्राचा निरोप कुणी लिहायचा?

दुसरा मजला:
एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात मी अकरा वर्षं नोकरी करतोय. नाव सांगत नाही, पण प्रकार सगळीकडे सारखाच असावा.

हिवाळी परीक्षेचे अर्ज विलंब शुल्काशिवाय भरायचा शेवटचा दिवस होता. डेटाबेसच्या सर्व्हरवरची डिस्क भरत आली होती आणि रात्रीपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. दुपारी २ ला पोर्टल बंद करायचं ठरलं. दीड वाजता आमच्यातल्या एकाने ग्रुपवर टाकलं: 'सर्व्हर मेंटेनन्समुळे पोर्टल २ वाजल्यापासून बंद राहील. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' तेवढ्यात परीक्षा विभागातल्या कुणीतरी सकाळचा 'आज शेवटचा दिवस, त्वरित अर्ज भरा' हा मेसेज दुसऱ्या ग्रुपवर पुन्हा फॉरवर्ड केला. प्राचार्यांच्या ग्रुपवर काहीच गेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपात १,०२४ माणसं मावतात, त्यामुळे आमचे एकूण चार ग्रुप आहेत आणि कोणता निरोप कुठे गेला याचा हिशेब कुणाकडेच नसतो.

सव्वादोनला तालुक्याच्या एका कॉलेजातून लिपिकाचा फोन आला. "साहेब, खिडकीपुढं साठेक पोरं उभी आहेत. थांबवू का घरी पाठवू?"

आमच्या निरोपात याचं उत्तर नव्हतं. पोर्टल किती वाजता सुरू होणार, मुदत वाढणार की नाही, पैसे कापले गेले पण पावती आली नाही त्यांनी काय करायचं, यातलं काहीच नव्हतं. क्षमस्व मात्र होतं.

माझं ठाम मत असं: केंद्राकडून कर्मचाऱ्यांना जाणारा प्रत्येक निरोप एकाच माणसाच्या हातून जावा. तो प्रोग्रॅमर नसला तरी चालेल, पण सकाळच्या बैठकीत तो बसलेला हवा आणि परीक्षा, आस्थापना, वित्त या तिन्ही विभागांत त्याचा फोन उचलला जायला हवा. मजकूर संकेतस्थळावर एका ठरलेल्या पानावर, तारीख-वेळेसह राहावा. ग्रुपवर फक्त त्याची लिंक टाकावी.

खिडकी क्रमांक ३:
दादा, मी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसते, कॉलेज वेगळं इतकंच. एक माणूस हवा हे शंभर टक्के मान्य. पण लिंक नको. आमच्याकडे नेट कधी असतं, कधी नसतं, आणि तुमचा सर्व्हरच बंद असेल तर ते पान तरी उघडणार का? पूर्ण मजकूर ग्रुपवरच द्या. आणि मेलचं तर नावच काढू नका. कॉलेजचा अधिकृत मेल प्राचार्यांच्या केबिनमधल्या एकाच कॉम्प्युटरवर उघडतो. सर बैठकीला गेले की केबिनला कुलूप.

रात्रपाळी:
साफ असहमत. मीही याच क्षेत्रात आहे. रात्री साडेअकराला कुलगुरूंच्या नावाने खोटा मेल फिरायला लागला, त्यातली लिंक उघडून तिघांनी पासवर्ड देऊन टाकला. तेव्हा मी तुमच्या त्या 'एका माणसाला' झोपेतून उठवू की खाती बंद करू? सर्ट-इन म्हणजे सायबर सुरक्षेच्या घटना हाताळणारी केंद्र सरकारची संस्था. तिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावी लागते. तिथे घड्याळ चालू असतं. जो खुर्चीवर आहे त्यानेच लिहावं. सगळं एकाच दारातून न्यायचं म्हटलं की दाराशी रांग लागते.

दुसरा मजला:
रात्रीच्या प्रसंगासाठी पाच-सहा मसुदे आधीच मंजूर करून ठेवता येतात. खोटा मेल, पोर्टल बंद, पेमेंट अडकलं, निकालाचं पान उघडत नाही. पाळीवर असलेल्याने फक्त वेळ भरायची आणि पाठवायचं.

पण तुमचं उदाहरण मला माझ्याच बाजूचं वाटतं. त्या तिघांनी पासवर्ड का दिला असेल? आपल्याकडचे खरे निरोपही दर वेळी वेगळ्या नंबरवरून, वेगळ्या भाषेत येतात. कधी प्रोग्रॅमर, कधी शिपाईदादांच्या मोबाईलवरून साहेब. खऱ्यालाच चेहरा नाही, मग खोटा ओळखायचा कसा?

रात्रपाळी:
हा मुद्दा मानतो. मसुदे चालतील. पण रात्री मंजुरी मागायला लावू नका, एवढंच.

आवक-जावक:
३१ वर्षं विद्यापीठ प्रशासनात काढली, आता निवृत्त आहे. मला ग्रुपवर पूर्ण मजकूर देणंही पटत नाही. माहिती अधिकारात कुणी विचारलं की 'पोर्टल बंद असल्याचं आम्हाला कधी कळवलं?', तर काय दाखवणार, स्क्रीनशॉट? आमच्या एका ग्रुपचा अ‍ॅडमिन कंत्राटी मुलगा होता. करार संपला, तो गेला, आणि जुना मोबाईल विकताना सगळा इतिहासही गेला. जावक क्रमांक असलेला कागद कपाटात राहतो.

मुंबई विद्यापीठाचं २०१७ आठवा. उत्तरपत्रिका पहिल्यांदाच सरसकट पडद्यावर तपासायला घेतल्या, निकाल रखडले आणि शेवटी कुलगुरूंना जावं लागलं. यंत्रणा कोलमडली हे खरंच. पण त्या काळात ३१ जुलै, मग ५ ऑगस्ट, मग १५ ऑगस्ट, अशा तारखा सरकत गेल्या, त्याने लोकांचा विश्वास जास्त उडाला. तारीख तोंडी किंवा मोबाईलवर देताना माणूस सैल बोलतो. क्रमांक टाकून सही करताना दोनदा विचार करतो.

खिडकी क्रमांक ३:
काका, तुमचा कागद आमच्यापर्यंत चौथ्या दिवशी पोचतो.

आवक-जावक:
ताई, कागद नंतर येऊ दे. क्रमांक मात्र मोबाईलवरच्या मजकुरातही टाकता येतो. ग्रुपवर जे गेलं तेच, त्याच क्रमांकाने फाइलला लागलं पाहिजे.

करार ११ महिन्यांचा:
एवढी चर्चा झाली, पण हा 'एक माणूस' कोण, हे कुणीच बोललं नाही. मी सांगते. मंजूर पदं रिकामी आहेत. हे काम माझ्यासारख्या कंत्राटी मुलीच्या गळ्यात येणार, आहे त्या पगारात. परीक्षा विभाग मला वेळेवर सांगणार नाही, कारण मी त्यांची कोणी नाही. निरोप चुकला की खुलासा माझ्याकडून मागणार. मी हे वर्षभर केलंय. पोर्टल का बंद आहे हे मला कॉलेजांच्या फोनवरून कळायचं, आणि उत्तर देणारी मीच. म्हणून माझा या कल्पनेला विरोध आहे. अधिकार न देता तोंड पुढे करायला एक माणूस मिळेल, बाकी सगळे मोकळे.

दुसरा मजला:
ताई, याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. मी माणूस शोधत बसलो, त्याच्या अधिकाराचा विचारच केला नव्हता. कुलसचिवांच्या सहीचा कार्यालयीन आदेश हवा: पोर्टल बंद करण्याआधी, तारीख बदलण्याआधी संबंधित विभागाने या व्यक्तीला लेखी कळवायचं, आणि न कळवल्यास खुलासा त्या विभागाने द्यायचा. पद कायमचं हवं. तसं होणार नसेल तर तुमचा विरोध योग्य आहे. मूळ प्रस्तावात एवढी दुरुस्ती करतो.

खिडकी क्रमांक ३:
दादा, त्या लिपिकाला शेवटी काय सांगितलंत?

दुसरा मजला:
थांबवा म्हणालो. तासाभरात सुरू होईल असं वाटलं होतं. पोर्टल रात्री ८ ला सुरू झालं, आणि त्या गावातून वाड्यावस्त्यांकडे जाणारी शेवटची एसटी सव्वासहाची. दोन दिवसांच्या मुदतवाढीचं पत्र तीन वाजताच सही होऊन परीक्षा विभागात पडलं होतं. आमच्याच इमारतीत, एक मजला खाली.