यॉर्कशरचा 'लेक' आणि आपलं 'तोलणं'

'इंग्लंडच्या बोलीतले शब्द म्हणजे प्रमाण इंग्रजीची मोडतोड' हे मत मला अजिबात पटत नाही. उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरमधला 'लेक' (laik) हा शब्द घ्या. अर्थ, खेळणे. मुलं गल्लीत 'लेकिंग' करायची आणि गिरणीत काम नसलं की घरी बसलेला कामगारही 'लेकिंग'च! हा शब्द 'प्ले'चा अपभ्रंश नाही, तो जुन्या नॉर्समधल्या, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या व्हायकिंगांच्या भाषेतल्या, 'लेइका'वरून आला. व्हायकिंगांनी ८६६ मध्ये यॉर्क शहर जिंकून घेतलं, पुढे तिथेच शेती केली, संसार थाटले, आणि त्यांची भाषा त्या मातीत मुरली. लेगो खेळण्यांच्या नावाचा पूर्वार्ध म्हणजे याच शब्दाचं डॅनिश भावंड.

उत्तरेकडचा 'थोल', म्हणजे सोसणे, मला त्याहून जवळचा वाटतो. मुळात भार उचलणे, पेलणे. संस्कृत 'तुला' आणि आपलं 'तोलणं' त्याच मुळातलं.

हे सगळं जोसेफ राइट यांच्या सहा खंडी बोलीकोशामुळे (१८९८ ते १९०५) टिकलं. यॉर्कशरच्या गिरणीत लहानपणी राबलेला, पंधराव्या वर्षापर्यंत वाचता न येणारा हा माणूस पुढे ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झाला. बोली त्याची स्वतःची होती, म्हणून त्याला ती मोडकी वाटली नाही.