हायस्कूल बास्केटबॉलच्या ट्रायआउट्सआधी (म्हणजे टीमच्या निवडचाचणीआधी) पोराकडून नक्की कसला व्यायाम करून घ्यावा?

जर्सीवाला_बाबा
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत, मुलगा १५ वर्षांचा, सॉफमोर म्हणजे दहावीत. गेल्या वर्षी फ्रेशमन (नववीच्या) टीममध्ये होता, यंदा जेव्ही (ज्युनिअर व्हर्सिटी, शाळेच्या मुख्य टीमच्या खालची) टीममध्ये जायचंच असं डोक्यात घेतलंय. ट्रायआउट्स थँक्सगिव्हिंगच्या आसपास, म्हणजे हातात दोन-सव्वादोन महिने. कोचने ईमेलमध्ये एवढंच लिहिलंय की कंडिशनिंग करून या, पहिल्या दिवसापासून पळवणार. झालं, चिरंजीव रोज सकाळी शाळेआधी ५ किमी पळतात, संध्याकाळी ओपन जिम (शाळेच्या कोर्टवर मोकळा खेळ), आणि रात्री यूट्यूब बघून गराजमध्ये लाकडी खोक्यावर उड्या, त्या पण शंभर शंभर. आता गुडघ्याच्या वाटीच्या खाली दुखतंय म्हणतो, हात लावला तर तिथे हाडाला टेंगूळ असल्यासारखं लागतंय. उन्हाळ्यात उंची भसकन वाढलीय, सगळ्या पँटी घोट्याच्या वर गेल्यात. मी टेनिस बॉल क्रिकेटवाला माणूस, बास्केटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. तर हे रोजचं पळणं बरोबर आहे का, आणि वेट्स सुरू करू द्यावेत का? माझी आई पुण्याहून फोनवर सांगते की वजनं उचलली की उंची खुंटते, त्यामुळे घरात दोन पार्ट्या झाल्यात.

हाफमॅरेथॉन
पळू दे की! दम हाच पाया आहे. आमच्या थोरल्याने फॉलमध्ये क्रॉस कंट्री (मैदानं-टेकड्यांवरून लांब पळायचा खेळ) केलं, तिथे रेसच ५ किमीची असते, आणि नोव्हेंबरात बास्केटबॉलला गेला तेव्हा बाकीची पोरं कमरेवर हात ठेवून उभी आणि हा आरामात. गुडघ्याला बर्फ लावा, शूज बदला, होईल ठीक.

सिमेंट_कोर्ट
हाफमॅरेथॉन, दम लागतोच, पण दमादमात फरक आहे हो. मी महाराष्ट्रात शाळेकडून अंडर १७ आणि १९ खेळलोय, सगळं सिमेंटच्या कोर्टवर, नडग्या अजून आठवण काढतात. आता इथे टेक्सासमध्ये शनिवार-रविवार पोरांना शिकवतो. हायस्कूलची मॅच ३२ मिनिटांची, ८-८ चे चार क्वार्टर, आणि त्यात कोणीही एका स्पीडने पळत नाही. पाच-सात सेकंद जीव तोडून पळायचं, थांबायचं, आडवं सरकायचं, उडी, परत वळून पळायचं, मग फ्री थ्रोला (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटला) श्वास. एकसारखं ५ किमी पळून हृदय तयार होतं हे मान्य, पण करकचून ब्रेक मारायची आणि वळायची सवय पायांना त्यातून लागत नाही, आणि कोच पहिल्या दिवशी नेमकं तेच बघणार.

जर्सीवाला, मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं (गुडघ्याचं आधी कोणीतरी बघितल्यावर, ते फिजिओ लोक सांगतीलच). पहिले तीन-चार आठवडे ताकद. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. छातीशी डंबेल धरून बैठका, एक पाय मागे ठेवून स्प्लिट स्क्वॉट, कमरेतून वाकून वजन उचलायचं, पुलअप्स, जोर, प्लँक, आणि पोटऱ्यांसाठी एका पायावर टाचा उचलणं, हे शेवटचं सगळे टाळतात आणि मग घोटे मुरगळतात. वजन असं घ्यायचं की आठ-दहा झाले तरी अजून दोन निघाले असते असं वाटलं पाहिजे. कोर्टवर दोन दिवस, त्यात ३ विरुद्ध ३ खेळवा, पोरांना कळत पण नाही आणि घाम निघतो.

मग ऑक्टोबरच्या मध्यापासून लाइन ड्रिल. बेसलाइनवरून (बास्केटच्या मागची शेवटची रेघ) जवळच्या फ्री थ्रो लाइनला जाऊन परत, मग अर्धं कोर्ट आणि परत, पलीकडची फ्री थ्रो लाइन आणि परत, शेवटी पलीकडची बेसलाइन आणि परत. हायस्कूलचं कोर्ट ८४ फुटी, म्हणजे एका फेऱ्यात साधारण ४२० फूट होतात. तीस-बत्तीस सेकंदात झालं तर सुरुवातीला दीड मिनिट विश्रांती द्या, अशा चार फेऱ्या, बास. दर आठवड्याला एखादी फेरी वाढवा किंवा विश्रांती थोडी कमी करा, दोन्ही एकदम नको. वेळ पहिल्या फेरीपेक्षा फारच घसरायला लागली की त्या दिवसाचं दुकान बंद. आणि ट्रायआउट्सच्या आधीचा आठवडा निम्मा करा, पोरं त्याच आठवड्यात डबल करतात आणि पहिल्या दिवशी पाय शिशाचे घेऊन येतात.

एक राहिलं, शिक्षा म्हणून पळवणारे कोच अजून आहेत, एक बॉल सोडला की सगळ्यांना दहा फेऱ्या. मला हा प्रकार बिलकुल पटत नाही. खूप दिवसांनी एकदम अति व्यायाम झाला तर स्नायू तुटून ते रक्तात उतरतं, लघवी कोकसारखी काळपट होते, किडनीवर येतं. तसं दिसलं तर सकाळची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत न्या.

फिजिओताई
उंची वाढतेय, वाटीच्या खाली टेंगूळ, वरून उड्या. ऑस्गूड-श्लॅटर वाटतंय, पण हे न बघता लिहितेय, त्यामुळे निदान समजू नका. मांडीचा स्नायू वाटीवरून जाऊन नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जिथे चिकटतो तिथे या वयात हाड अजून कच्चं असतं, आणि प्रत्येक उडीला तिथे ओढ बसते. बहुतेकांचं वाढ थांबली की शांत होतं. खेळ पूर्ण बंद करायची गरज सहसा पडत नाही, पण शंभर उड्या आजपासून बंद आणि रोजचं पळणंही बंद. आठवड्यातून एक-दोनदा सायकल चालवू दे. दुखणं दहापैकी तीनच्या आत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं, तर चालू ठेवा. लंगडतोय, गुडघा सुजलाय, अडकतोय किंवा रात्री झोपेत दुखतोय तर डॉक्टरकडे.

तुमच्या शाळेत अॅथलेटिक ट्रेनर आहे का विचारा. हा जिमवाला ट्रेनर नाही, दुखापती बघणारा शिकलेला माणूस असतो, शाळेतच बसतो, पैसे पडत नाहीत, आणि आपले लोक त्याच्याकडे जातच नाहीत! उड्या परत सुरू करायच्या तेव्हा आधी उतरणं शिकवा: गुडघे आत पडायला नकोत, आवाज कमी आला पाहिजे. आठवड्यातून दोनदा वीस-तीस उड्या, प्रत्येकीच्या मध्ये थांबून, एवढं पुष्कळ होतं.

वजनं उचलून उंची खुंटते याला काही आधार नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही म्हणते की नीट शिकवणारा मोठा माणूस समोर असेल तर मुलांनी करावं. फक्त मित्रांशी पैज लावून जास्तीत जास्त किती उचलतो हे बघायचं नाही. झोप ८ ते १० तास, हे बोलायला सोपं आहे, शाळा साडेसातला असली की काय होतं ते माझ्याही घरात दिसतं.

हाफमॅरेथॉन
हाडाचं टेंगूळ म्हटल्यावर माझं बर्फ आणि शूज मागे घेतो. पण क्रॉस कंट्री करणाऱ्यांनी काय करायचं मग? धाकटा यंदा करतोय.

फिजिओताई
त्याला त्याच्यावर अजून पळायला लावू नका एवढंच. ताकदीचे दोन दिवस धरा, आणि क्रॉस कंट्री संपल्यावर मधे चार-पाच दिवस मोकळे सोडा. बास्केटबॉलचं आडवं सरकणं हळूहळू वाढवा, जांघ धरते नाहीतर.

दोन_वेण्या
माझी मुलगी नववीत, ती पण ट्रायआउट्स देणार. मुलींना वेगळं काही? आणि आम्ही शाकाहारी, लंच १० वाजून ५० मिनिटांनी असतो (ही काय जेवायची वेळ आहे?), ओपन जिम तीनला. येते तेव्हा चिडलेली आणि पांढरीफटक.

फिजिओताई
मुलींमध्ये एसीएल (गुडघ्याच्या आतला लिगामेंट) फाटण्याचं प्रमाण त्याच खेळातल्या मुलांपेक्षा दोन-तीन पट आहे, म्हणून उडीवरून उतरणं आणि थांबणं यावर जास्त लक्ष द्या. पंधरा-वीस मिनिटांचा वॉर्मअप, त्यात एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या बाजूची ताकद, वळताना गुडघा आत जाऊ न देणं, हे वर्षभर केलं तर धोका खरंच कमी होतो. दोन आठवडे करून सोडलं तर काही नाही.

खाण्याचं म्हणाल तर अडीच-पावणेतीनला दप्तरातून काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. केळं, पीनट बटर लावलेली पोळी, चिक्की, काहीही चालेल पण तिला आवडणारं. घरी आल्यावर वरण-भात आणि दही किंवा पनीर. एनर्जी ड्रिंकचे कॅन देऊ नका. आणि पांढरीफटक म्हणताय, पाळी सुरू आहे, शाकाहारी आहे, तर फिजिकलचा (खेळाआधीच्या तपासणीचा) फॉर्म भरायला डॉक्टरकडे जालच, तेव्हा हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला सांगा. रिपोर्ट यायच्या आधी लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका.

जर्सीवाला_बाबा
सगळ्यांचे आभार. खोकं आजच गराजच्या माळ्यावर टाकलं, तोंड वाकडं करून बसलाय. शाळेत ट्रेनर आहे म्हणे, मुलाला माहीतच नव्हतं, सोमवारी शाळा सुटल्यावर त्याच्याकडे जातोय. सिमेंट_कोर्ट, आमच्या घराजवळचं कोर्ट पार्कमधलं, डांबरी आणि अर्धंच आहे, तिथे लाइन ड्रिल कसं करायचं?

सिमेंट_कोर्ट
पावलांनी मोजून खडूने रेघा मारा, १९, ४२, ६५ आणि ८४ फुटांवर, पार्किंग रिकामं असेल तर तिथे मारा. पण डांबरावर आठवड्यातून एकदाच, दुसरा दिवस ओपन जिममध्ये लाकडावर. आणि पावसाने ओलं असेल तर त्या दिवशी घरी बसा.