वजनाला कमी भरणारी नाणी: टाकसाळीतला दोष की नंतरची झीज?

प्रश्न (फोंडा)
सादर नमस्कार. आमच्या देवस्थानची फंडपेटी उघडल्यावर सुटी नाणी मोजण्याचे काम माझ्याकडे असते. या वेळी हाताला हलकी लागलेली तीन नाणी मी बदलून घेतली आणि सोनाराच्या काट्यावर तोलली. एक रुपयाचे २०१२ सालचे नाणे ३.७८ ग्रॅम भरले. त्याच काट्यावर २००० सालचे नाणे ४.८४ ग्रॅम भरले होते. पाच रुपयांचे पिवळे नाणे ५.२१ ग्रॅम आहे. दोन रुपयांचे २०१३ सालचे नाणे ४.४६ ग्रॅम असून त्याच्या कडेला चंद्रकोरीसारखी खाच आहे. यांपैकी टाकसाळीतला दोष कशात आहे, हे कसे ओळखावे?

उत्तर १ (म्हापसा)
पहिल्या नाण्यात दोष नाही. रुपयाचे चिन्ह असलेली मालिका २०११ साली आली, तेव्हा एक रुपयाचे नाणे २५ मिलिमीटर व ४.८५ ग्रॅमवरून सुमारे २२ मिलिमीटर व ३.७९ ग्रॅमवर आणले गेले. पाच रुपयांच्या बाबतीत तर फसगत अधिक होते, कारण जुने तांबे-निकेलचे ९ ग्रॅमचे नाणे आणि नंतरचे ६ ग्रॅमचे नाणे या दोहोंचा व्यास २३ मिलिमीटरच आहे. म्हणून आधी साल व धातू पाहावा, लोहचुंबक लावून पाहावे (पोलादी नाणे चिकटते, तांबे-निकेलचे व पितळी चिकटत नाही) आणि त्या प्रकाराचे ठरलेले वजन माहीत झाल्यावरच नाणे कमी भरते असे म्हणावे.

उत्तर २ (डिचोली)
पाच रुपयांच्या नाण्याचा व्यास कॅलिपरने तीन-चार ठिकाणी मोजा आणि त्याचा रंग दिवसाच्या उजेडात पाहा.

पत्रा प्रमाणापेक्षा पातळ लाटला गेला, तर त्यातून कापलेली कोरी चकती हलकी निघते. तिच्यावर छाप उठवताना ती ठशांभोवतीच्या धातूच्या कड्यात पसरते, त्यामुळे व्यास पुरा भरतो. मात्र ठशांतले अंतर नेहमीच्या जाडीसाठी ठरवलेले असल्याने ठशाच्या सर्वांत खोल भागापर्यंत धातू पोचत नाही. परिणामी काठ आणि नक्षीचे उंच भाग दोन्ही बाजूंना अपुरे उठतात, आणि भिंगातून पाहिल्यास त्या अपुऱ्या जागी कोऱ्या चकतीवरचे बारीक ओरखडे तसेच राहिलेले दिसतात. झिजलेल्या नाण्यावर हेच उंच भाग गुळगुळीत असतात.

आम्लात किंवा खाऱ्या पाण्यात पडलेल्या नाण्याचा धातू सर्व बाजूंनी जातो, म्हणून व्यासही घटतो, अक्षरे बारीक होतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. पिवळ्या नाण्यात ७५ टक्के तांबे, २० टक्के जस्त व ५ टक्के निकेल असते; खारे पाणी त्यातले जस्त आधी खाते आणि नाणे तांबूस पडते. पुलावरून जाताना पाण्यात नाणे वाहणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यामुळे अशी नाणी गोव्यात मिळणे साहजिक आहे.

उत्तर ३ (मडगाव)
माझ्या मते खरे लक्ष तिसऱ्या नाण्याकडे द्यावे. पत्र्यातून चकत्या कापताना पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही, तर कापणीचा पंच आधीच्या भोकावर चढतो आणि चकतीला कमानदार खाच पडते. अशा चकतीचा काठ उचलण्यासाठी ती यंत्रात दाबली जाते, तेव्हा खाचेच्या जागी दाबायला धातूच नसतो, म्हणून तिच्या बरोबर समोरच्या बाजूचाही काठ नीट उचलला जात नाही. कानस लावून कोरलेल्या खाचेत ही गोष्ट साधता येत नाही, कारण ती खाच नाणे पूर्ण तयार झाल्यावर पडलेली असते. तेव्हा समोरचा काठ, खाचेलगतची अक्षरे आणि खाचेचा आतला भाग या तीन जागा पाहून कृपया कळवावे.

प्रश्नकर्ता (फोंडा)
सर्वांचे आभार. पाच रुपयांचे नाणे तांबूस आहे आणि व्यास कुठे २२.३, तर कुठे २२.५ मिलिमीटर भरतो. म्हणजे ते खाऱ्या पाण्याचेच असावे. दोन रुपयांच्या नाण्यावर खाचेच्या समोर काठ जवळजवळ सपाट आहे. खाचेलगतची अक्षरे मध्येच तुटलेली नाहीत, तर खाचेकडे ओढल्यासारखी लांबून पुसट झाली आहेत. भिंगातून कानशीच्या रेषा दिसल्या नाहीत.

उत्तर ३ (मडगाव)
मग हे नाणे अस्सल सदोष चकतीचे मानायला मी तयार आहे. अक्षरे ओढली जाणे हाच पुरावा मला सर्वांत भक्कम वाटतो: छाप उठत असताना धातू मोकळ्या जागेकडे वाहिला, याचा अर्थ खाच छापाच्या आधीची आहे. वजनही त्याला धरून आहे, कारण २०११ च्या मालिकेतले दोन रुपयांचे नाणे ४.८५ ग्रॅमचे असते आणि गेलेला धातू जेमतेम आठ टक्के आहे.

कृपया ते चिंच, लिंबू किंवा पॉलिश लावून घासू नका. खाचेतला मूळ पृष्ठभाग गेला, तर पुढे तपासणाऱ्याला काहीच उरणार नाही. सालाखालची टाकसाळीची खूणही टिपून ठेवा: हैदराबादची चांदणी, नोएडाचा गोल ठिपका, मुंबईचा पत्त्यांतल्या चौकटीसारखा आकार आणि काहीच नसल्यास कोलकाता. किमतीविषयी मात्र जाहिरातींवर विसंबू नका. जुनी नाणी विकत घेण्याच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ साली लोकांना सावध केले होते.