ऑफ-रोड कॅम्परची बॉडी ट्रकच्या चासीवर कशी बसवावी? (मदत हवी आहे)

नमस्कार.

चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या एका मध्यम आकाराच्या ट्रकच्या उघड्या चासीवर मी घरीच निवासी बॉडी बांधायला घेतली आहे. दोन माणसांना कच्च्या रस्त्यांवर, आणि जिथे रस्ताच नाही अशा भागांतही, काही आठवडे तिच्यात राहता यावे असा उद्देश आहे. पॅनल कोणते घ्यावे, खाट कुठे असावी, पाण्याची टाकी केवढी असावी यांवर भरपूर लिहिलेले सापडते. मात्र ज्या प्रश्नावर बाकीचे सगळे अवलंबून आहे, तो म्हणजे बॉडी आणि चासी यांच्यातला सांधा, त्याबद्दल जितके वाचावे तितका गोंधळ वाढतो. म्हणून केलेली मोजमापे आणि मांडलेला हिशेब इथे सविस्तर देत आहे. ज्यांनी अशी बांधणी केली आहे किंवा ट्रकच्या बॉडीचे काम जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गाडीच्या दोन ॲक्सलमधले अंतर ३.४ मीटर आहे, डाव्या-उजव्या चाकांमधले १.७ मीटर. पुढे-मागे पाट्यांचे सस्पेन्शन आहे आणि कागदोपत्री कमाल एकूण वजन ६,००० किलो आहे. बॉडी बाहेरून ३.८ मीटर लांब, २.१ मीटर रुंद आणि २ मीटर उंच असेल. दोन्ही अंगांना २ मिमी फायबरग्लास आणि मध्ये फोम अशी एकूण ५० मिमी जाडीची पॅनल वापरण्याचा विचार आहे. सहाही बाजूंचे क्षेत्रफळ जवळपास ४० चौरस मीटर भरते आणि चौरस मीटरला साधारण १० किलो धरले तर नुसत्या पॅनलचेच ४०० किलो होतात. सबफ्रेम (बॉडीच्या तळाची, चासीवर टेकणारी चौकट), फर्निचर, बॅटरी, पाणी आणि सामान धरून बॉडीचे भरलेले वजन २,४०० किलोंच्या आत ठेवायचे ठरवले आहे.

अडचण अशी आहे की शिडीच्या आकाराची चासी मुळात पिळली जावी अशाच बेताने बनवलेली असते. खडकाळ जागी पुढचे एक चाक आणि मागचे तिरप्या बाजूचे चाक वर चढले की थोडी उंची पाटे पचवतात आणि उरलेली चासीचे दोन लांब रेल पीळ घेऊन पचवतात. हा पीळ किती, हे पाहण्यासाठी गाडी सपाट फरशीवर उभी करून पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक लाकडी ठोकळ्यांवर चढवले. केबिनच्या लगेच मागे एक आणि चासीच्या शेवटी एक अशा दोन चौकोनी नळ्या रेलवर आडव्या ठेवल्या आणि प्रत्येक नळीवर डिजिटल अँगल गेज लावला. सपाट जमिनीवर दोन्ही गेज शून्य दाखवत होते. ठोकळ्यांवर त्यांच्यात ४ अंशांचा फरक आला. मागे उभे राहून एका नळीवरून दुसरीकडे नजर टाकली, तर त्या कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना छेदताना दिसत होत्या.

४ अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण २.१ मीटर रुंदीवर त्यांचे जवळपास १४७ मिमी होतात. चारही कोपरे चासीला घट्ट आवळले, तर एक कोपरा बाकीच्या तिघांच्या पातळीपासून तेवढा दूर जाऊ पाहील. चिकटवलेल्या पॅनलची बॉडी बंद पेटीइतकी ताठ असते, ती एवढी पिळली जाणार नाही. मग बोल्ट तुटतील, ब्रॅकेट फाटतील किंवा दरवाजाच्या चौकटीच्या कोपऱ्यातून भेगा सुरू होतील. थेट आवळण्याचा पर्याय म्हणून मी पूर्णपणे बाजूला ठेवला आहे.

उरलेल्या पद्धतींपैकी तीन बिंदूंच्या बांधणीत मागे दोन घट्ट आधार आणि पुढे मध्यभागी एक फिरता सांधा असतो. त्यामुळे चासीचा पीळ बॉडीपर्यंत पोहोचत नाही, पण पुढचा सगळा भार एका क्रॉसमेंबरवर, म्हणजे दोन रेल जोडणाऱ्या आडव्या तुकड्यावर, एकवटतो. चार बिंदूंच्या, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या बांधणीत पुढे आणि मागे मध्यावर फिरते सांधे असतात आणि दोन्ही बाजूंचे आधार साधारण मधोमध असतात. भार तिथेही मोजक्या जागी येतो आणि सांध्यांसाठी उंची द्यावी लागते. तिसरी पद्धत स्प्रिंगची. सबफ्रेमचे दोन रेल चासीच्या रेलवर लांबीभर टेकलेले असतात, मागचे टोक प्लेट लावून पक्के केलेले असते आणि पुढच्या बोल्टवर दाबाच्या स्प्रिंग असतात. चासी पिळली की एका बाजूचा रेल सबफ्रेमपासून सुटतो आणि पुन्हा येऊन टेकतो. आडवी हालचाल थांबवायला बाजूने मार्गदर्शक प्लेट लागतात. भार लांबीभर पसरतो आणि उंची वाढत नाही, म्हणून माझा कल याच पद्धतीकडे आहे.

उंचीचा हिशेबही मांडून पाहिला. फिरत्या सांध्यांमुळे बॉडी १२० मिमी वर गेली, तर २,४०० किलो तेवढे वर जातात आणि ६,००० किलोंच्या गाडीचा गुरुत्वमध्य ४८ मिमी चढतो. तो आधी १.३ मीटरवर होता असे धरले, तर कलंडण्याचा सैद्धांतिक कोन ३३ अंशांवरून ३२ वर येतो. पाटे आणि टायर दबल्याने प्रत्यक्ष मर्यादा याहून बरीच खाली असते. म्हणून त्यातला एक अंशही मला सहज सोडून द्यावासा वाटत नाही.

आता नेमके प्रश्न. स्प्रिंगच्या पद्धतीत मागचा पक्का भाग किती लांबीचा असावा? चासीच्या रेलची बाहेरची रुंदी ०.८ मीटर आहे, म्हणजे ४ अंशांना पुढच्या टोकाला ५६ मिमी फट पडते. ही फट दोन्ही रेलमध्ये निम्मी-निम्मी वाटली जाईल असे धरून स्प्रिंगची चाल ठरवावी, की पूर्ण ५६ मिमी एकाच बाजूला धरावी? केबिनमधून बॉडीत जायला वाटही ठेवायची आहे. चासीपासून दीड मीटर उंचीवर ४ अंशांनी १०५ मिमी आडवे सरकते, तेव्हा एवढी हालचाल सोसणारा रबरी भाता टिकतो का, की ती वाट ठेवूच नये?

शेवटचा प्रश्न पॅनलचा आहे. मध्ये एक्सपीएस (एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन) फोम वापरावा की पॉलियुरेथेन? कडांना ॲल्युमिनियमचे अँगल बसवायला सोपे जातात, पण थंडीत त्यांवर आतून पाणी धरेल अशी शंका आहे.

सविस्तर उत्तरांची वाट पाहतो.

प्रतिसाद १

मोजमाप करून मग प्रश्न विचारलात, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. पूर्ण ५६ मिमी एकाच बाजूला धरा. वर येऊ पाहणारा रेल सबफ्रेमच्या आरपार जाऊ शकत नाही. तो तिला ढकलतो आणि सगळी फट समोरच्या बाजूला उघडते. शिवाय आपले ४ अंश रिकाम्या चासीचे आहेत. रिकाम्या गाडीत चाक लवकर जमीन सोडते आणि पीळ तिथेच थांबतो. भरलेल्या गाडीत चाकावर वजन असल्याने चासी अधिक पिळते. चासीवर बॉडीएवढे वजन ठेवून पुन्हा मोजा, आणि नळ्या जिथे पहिली स्प्रिंग आणि पक्का आधार येणार आहे, तिथेच ठेवा. पूर्ण चालीनंतरही स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत, कारण ते टेकले की तो बोल्ट घट्ट आवळल्यासारखाच होतो.

पक्का भाग मागच्या ॲक्सलच्या आसपास ठेवावा आणि लांबीने आखूड ठेवावा. तो जितका पुढे न्याल, तितकी पिळायला मोकळी राहिलेली लांबी कमी होते आणि त्याच्या पुढच्या टोकाशी ताण साचतो. रेलच्या वरच्या-खालच्या पाळीला छिद्र पाडू नका, उभ्या पट्टीतच पाडा. गाडीच्या निर्मात्याची बॉडी बांधणाऱ्यांसाठीची पुस्तिका मिळत असेल, तर त्यातली छिद्रांची जागा आणि अंतरे तंतोतंत पाळा. वेल्डिंग करताना बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांच्या जोडण्या काढून ठेवाव्यात.

स्टेपनी मागे टांगणार असाल, तर तिचाही हिशेब मांडा. ६० किलोंची स्टेपनी मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे लावली, तर मागच्या ॲक्सलवर ८१ किलो वाढतात आणि पुढचा २१ किलोंनी हलका होतो. चढावर सुकाणू हलके पडते ते यामुळेच. पाण्याची टाकी दोन ॲक्सलच्या मध्ये, शक्य तितकी खाली ठेवा.

वाट ठेवता येते, पण भाता रुंद आणि घड्यांचा हवा. त्याच्या दोन्ही चौकटींत एवढे अंतर ठेवा की पूर्ण पिळातही कापड ताणले जाणार नाही.

प्रतिसाद २

फक्त पॅनलबद्दल लिहितो. एक्सपीएसवर पॉलिएस्टर रेझिन थेट लावू नका. त्यातले स्टायरीन फोम विरघळवते. इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन चिकटद्रव्य वापरावे. एक्सपीएस साधारण ७५ अंश सेल्सिअसच्या पुढे नरम पडतो, आणि गडद रंगाचे छप्पर कडक उन्हात त्याच्या जवळ पोहोचू शकते. त्यामुळे तो वापरल्यास बाहेरचा रंग पांढरा ठेवा. त्याच जाडीत पॉलियुरेथेन उष्णता अधिक अडवतो.

आपली कडांची शंका रास्त आहे. आत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर १२ अंशांच्या पृष्ठभागावर पाणी धरू लागते. आतून बाहेर सलग गेलेला ॲल्युमिनियमचा तुकडा थंडीत त्याच्या खाली सहज जातो. अँगल आत आणि बाहेर स्वतंत्र असावेत आणि मधून धातूचा एकही बोल्ट जाऊ नये. आतले अँगल फायबरग्लासचे असतील तर उत्तमच. फर्निचर जिथे आवळायचे आहे, तिथे पॅनल चिकटवण्याआधीच फोमच्या जागी घट्ट पॉलियुरेथेन बोर्डाचे तुकडे बसवा. नंतर ती सोय करता येत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. चासीवर वाळूची पोती ठेवून पुन्हा मोजतो आणि नवे आकडे इथेच देतो. फोम पॉलियुरेथेनचाच घेईन आणि आतले अँगल फायबरग्लासचे करीन. एक प्रश्न अजून उरतो. स्प्रिंगना सुरुवातीला किती दाब देऊन आवळावे? दाब कमी ठेवला तर खडखडाटी रस्त्यावर सबफ्रेम रेलवर आपटेल, आणि जास्त ठेवला तर चासीला पिळायला मोकळीकच राहणार नाही. प्रत्यक्षात हा दाब कोणी कसा ठरवला आहे, आणि दोन रेलच्या मध्ये कठीण प्लास्टिकची पट्टी ठेवल्याने आपटण्यात फरक पडतो का, हे जाणकारांनी सांगावे.