माळेगावला रेवाल चालीची घोडी घ्यायचीय, चाल कशी पारखायची?

अहमदपूरकर
नमस्कार मंडळी. यंदा माळेगावच्या यात्रेत घोडी घ्यायचं चालूय, वडलांसाठी. वय ६४, जन्मभर घोड्यावरच शेताला गेले, आता कंबर धरते म्हणून दोन वर्षं बसणं बंद आहे, तोंडानं काही म्हणत नाहीत पण रिकाम्या खुंट्याकडं बघत बसतात. दुडकी म्हणजे उसळणारी चाल सोसत नाही, धक्का न देणारी रेवालच पाहिजे. गेल्या साली एक बघितली, मालकानं स्वतः बसून अशी काढली की पाणी हलू नये, १ लाख ४० हजार सांगितले, मी बसलो तर दहा पावलांत दुडकीवर आली. सोडून दिली. आता चाल जन्मजात का शिकवलेली हे कळावं कसं? आणि आजी म्हणायलीय देवमण, म्हणजे शुभ मानलेला केसांचा भोवरा, असल्याशिवाय घोडी दारात नको.

जुना स्वार, परभणी
दादा, सोडली ते लई बरं केलं. आधी डोळे मिटून टापा ऐका. दुडकीत समोरचा एक आणि मागचा उलट्या बाजूचा पाय एकदम पडतो, दोनच ठोके येतात आणि प्रत्येक ठोक्याला बसणारा उचलला जातो, तुमच्या वडलांची कंबर तिथंच जाते. रेवालमधी चारी टापा वेगळ्या, सारख्या अंतरानं ऐकू येतात. काही जण एका बाजूचे दोन्ही पाय दोरीनं जोडून चाल बसवतात, तसल्या घोड्याचे त्या बाजूचे दोन्ही पाय एकदम पडायला लागले की माणूस होडीत बसल्यावानी डावी-उजवीकडं हलतो. मालकाला म्हणावं लगाम ढिला सोड, खोगीर उतरव, नुसती दोरीवर पळव. तरी चाल टिकली तर अंगातली आहे. आणि बाजाराच्या मऊ धुळीत नाही, डांबरीवर बघा. समोरचा पाय दुखत असंल तर तो टेकताना मान वर जाते. संध्याकाळी पसंत पडली तरी पैसे देऊ नका, सकाळी थंड अंगानं परत बघा, कारण दुखण्याचं इंजेक्शन देऊन उभी करणारे असतात, माझी एक घोडी अशीच घरी येऊन तिसऱ्या दिवशी लंगडली, आजपण आठवलं की जीव तुटतो.
देवमण असंल तर चांगलंच, आजीचं मन राहील. पण भोवरा बघून चाल कळत नाही.

पशुवैद्यकचा विद्यार्थी
वरच्या काकांचं बरोबर आहे, थोडी भर घालतो. चाल रक्तातून येते हे आता कळलंय, २०१२ मधी स्वीडनच्या संशोधकांनी आइसलँडच्या घोड्यांत डीएमआरटी३ नावाच्या जीनमधला बदल शोधला, त्याचा चालीशी थेट संबंध आहे. म्हणून जमलं तर घोडीची आई आणि शिंगरू बघा, मोकळं पळताना शिंगरू काय चाल धरतंय ते. वयासाठी तोंड उघडा, साधारण पाचव्या वर्षी समोरचे सगळे कायमचे दात आलेले असतात. वडलांसाठी ७ ते १० वर्षांची, शांत झालेली घ्या, तरणी नको. आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगाची रक्ततपासणी विचाराच, तो माणसालाही होतो. नाकातून चिकट घाण येत असंल तर हातही लावू नका.

कंधारकडचा
माझी कुमेत, म्हणजे तांबूस रंगाची घोडी आहे, ९ वर्षांची, आईपण रेवाल होती. मुलगा पुण्याला गेला, माझे गुडघे गेले, कडबा-हरभरा घालून नुसती बांधून ठेवणं मला बघवत नाही. वरातवाल्यांनी दोनदा विचारलं, दिली नाही, बँडच्या आवाजात ती थरथर कापते. यात्रेला मी आणणार नाही, तिथल्या गर्दीत बिचकंल. तुम्ही वडलांना घेऊन घरीच या, त्यांना बसवा, ओढ्यापर्यंत जाऊन येऊ द्या, मग बघू.

अहमदपूरकर
काका, रविवारी येतो. वडलांना आत्ताच सांगितलं, तर माळ्यावरचं खोगीर काढून तेल लावत बसलेत.

कंधारकडचा
या. खोगीर घेऊनच या.