रात्री न झोपणाऱ्या नातीसाठी हसवणारी चित्रपुस्तकं सुचवा (वय साडेतीन)

अजनीचे आबा

नमस्कार मंडळी. मुलीला महिन्यातून पंधरा-सोळा दिवस नाइट ड्युटी असते, जावई नोकरीसाठी पुण्याला, म्हणून नात आमच्याकडे झोपते. तिच्या आजीचे गुडघे रात्री नऊनंतर साथ देत नाहीत, तेव्हा झोपवायचं काम माझं.

मी रेल्वेत मालगाडीवर गार्ड होतो. २०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, मी त्याआधीच रिटायर झालो. नोकरीतल्या निम्म्या रात्री ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या शेवटच्या गार्डच्या डब्यात गेल्या, उरलेल्या आमला नाही तर बल्लारशाच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या माणसांच्या विश्रांतीच्या खोलीत. माझी स्वतःची दोन पोरं कशी झोपायची, अंगावर पांघरूण लागायचं की नाही, हे मला खरंच माहीत नाही. ते सगळं त्यांच्या आईनं एकटीनं केलं. म्हणून हे काम मला नीट करायचं आहे.

आता पोट्टीचं सांगतो. नऊला दिवा बंद. नऊ-पाचला पाणी. नऊ-दहाला शू. मग तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा लाकडी नंदी बैठकीत एकटा आहे, त्याला आणायचा. नंदी आला की त्याला झाकायचं. झाकला की त्याला गरम होऊन राहिलं, काढायचं. कूलरमधलं पाणी संपलं की त्याचा आवाज बदलतो, तर ही अंधारात उठून बसते, "आबा, कूलरले तहान लागली!" मी उठून बादली ओततो. परवा म्हणे, "माझे डोळे झोपले, पण पायाला झोपच नाही येऊन राहिली." पाय दाबले. साडेदहाला बघतो तर एका हाताच्या दोन बोटांनी डावा डोळा उघडा धरून पडलेली. झोपेनं मान कलते आहे, पण बोटं सोडत नाही.

महिन्याभरापूर्वी बर्डीवर एका दुकानात विचारलं, झोपेच्या गोष्टींचं चित्रांचं पुस्तक आहे का. त्यांनी जे दिलं त्यात न झोपणाऱ्या मुलाला राक्षस पोत्यात घालून नेतो. मी आधी चाळून बघितलं नाही, सरळ वाचायला घेतलं. त्या रात्री ती माझं बनियन मुठीत धरून बारापर्यंत जागी होती. पुस्तक मी कपाटावर टाकलं, अजून त्याचा राग आहे.

मला हसवणारं पाहिजे, ज्यात पोरगं किंवा प्राणी झोपत नाही आणि आपण दोघं मिळून हसू. मराठीत असलं तर उत्तम. इंग्रजी वाचता येतं मला, सांगताना मी मराठी करून घेईन.

आणि एक शंका. अशा पुस्तकांतले बहाणे ऐकून ती नवीन बहाणे शिकेल का? मुलीला तीच भीती आहे.

प्रतापनगरची आई

आबा, मो विलेम्सचं कबुतराचं पुस्तक आणा, 'डोन्ट लेट द पिजन स्टे अप लेट!', २००६ चं आहे. त्याचं आधीचं, बस चालवायचा हट्ट करणारं कबुतर जास्त प्रसिद्ध आहे, पण तुम्हाला हे झोपेचंच पाहिजे. सुरुवातीलाच बसचा ड्रायव्हर वाचणाऱ्याला सांगतो, मी दात घासून येतो, तोवर या कबुतराला जागू देऊ नका. आणि तो जातो. मग सगळं पुस्तकभर कबुतर तुमच्या नातीची मनधरणी करणार. पाच मिनिटं फक्त. एक ग्लास पाणी. टीव्हीवर पक्ष्यांचा कार्यक्रम आहे, खूप शिकायला मिळेल. चीनमध्ये आत्ता दिवस आहे. आणि प्रत्येक वेळी "नाही" कोण म्हणणार? पोरगी म्हणणार!

माझा मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा कमरेवर हात ठेवून, बोट दाखवून म्हणाला, "एकदा नाही म्हटलं ना, झोप आता." शब्दन् शब्द माझा. मी पुस्तक खाली ठेवून त्याचा मुकाच घेतला.

मराठी करताना घाबरू नका. त्यात कबुतर हॉटडॉगची पार्टी मागतं, आमच्या घरी ते पाणीपुरी मागतं. शेवटाकडे त्याला जांभया येतात आणि ते कबूलच करत नाही. तिथे तुम्ही खरीखुरी जांभई द्या, सावकाश, तोंड पूर्ण उघडून. तिलाही येईल.

बालवाडीताई, मानेवाडा

तुमच्या शंकेचं आधी सांगते, कारण हीच शंका मला दरवर्षी पालक विचारतात. बावीस वर्षं बालवाडी घेते आहे. बहाणे मुलांना पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. तुमच्या नातीनं पायाला झोप येत नाही हे कोणत्या पुस्तकात वाचलं होतं? पुस्तकात मूल तोच बहाणा बाहेरून बघतं. रोज ती मागणारी असते, त्या पंधरा मिनिटांत ती बघणारी होते. नंदीला झाकणं, त्याचं गरम होतंय हे ओळखणं, हे तिचं झोपवणाऱ्याच्या बाजूला येऊन बसणंच आहे. म्हणून हट्टी प्राण्यांची पुस्तकं मला फार आवडतात, त्यात मुलाच्या हातात सत्ता येते आणि कोणी त्याला रागावत नाही.

रसेल होबनचं 'बेडटाइम फॉर फ्रान्सिस' हे पुस्तक १९६० चं आहे. चित्रं गार्थ विल्यम्सची. फ्रान्सिस ही बॅजरची, म्हणजे बिळात राहणाऱ्या एका प्राण्याची पोर. आमच्या वर्गानं तिला मुंगूस ठरवलं आहे आणि मी ते तसंच राहू दिलं. ती दूध मागते, टेडी मागते, मग तिला खोलीत वाघ दिसतो, राक्षस दिसतो, छताच्या भेगेतून काहीतरी येईल असं वाटतं. दरवेळी उठून आईबाबांकडे. शेवटी झोपलेल्या बाबांना उठवून सांगते की पडदे हलताहेत. बाबा म्हणतात, पडदे हलवणं हे वाऱ्याचं काम आहे, त्यानं केलं नाही तर त्याची नोकरी जाईल. मी ऑफिसला गेलो नाही तर माझी जाईल. प्रत्येकाला काम असतं, तुझं काम झोपायचं. तुम्ही ड्युटी केलेला माणूस आहात, हे पान तुमच्या तोंडून फार छान येईल.

पण सांगून ठेवते, त्याच पानावर पुढे झोपली नाहीस तर फटके मिळतील असं आहे. जुनं पुस्तक आहे, तेव्हाचं. मी ते वाक्य गाळते आणि मुलांनाच विचारते, मग तुझं काम काय? एकदा एक मुलगा म्हणाला, "माझं काम उशी गरम करायचं." तेव्हापासून आमच्याकडे तेच चालतं.

आणखी एक, पुस्तकाच्या बाहेरचं. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसारात्री मिळून १० ते १३ तास झोप लागते, दुपारची धरून. सध्याच्या उन्हात नात चार वाजता कूलरसमोर झोपून सहाला उठत असेल, तर रात्री नऊला तिला झोप नसणं हा बहाणा नाही. दुपारची झोप जेवणानंतर लगेच घ्या आणि तिनाच्या आत उठवा. आठवडाभर बघा.

त्रिमूर्तीनगर

मला नाही पटत. रात्री हसवलं की पोट्टे अजून उधळतात. आमच्या आईनं आम्हा पाच भावंडांना उन्हाळ्यात गच्चीवर गाद्या टाकून, पाठीवर थापटून, अंगाई म्हणत झोपवलं. पुस्तक नव्हतं, काही नव्हतं.

बालवाडीताई, मानेवाडा

दादा, अंगाई पाहिजेच. पण ती दिवा बंद झाल्यावरची. हसणं त्याच्या आधी, दिव्यात. पोट भरून हसलेलं मूल अंग सैल सोडतं, हे मी रोज बघते. उधळतात ती पळापळीनं आणि मोबाइलनं. त्यातही एक पथ्य पाळायचं, पुस्तक एकच, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा मागितलं तर उद्या.

वाचनपेटी, मनीषनगर

मी आमच्या सोसायटीत मुलांसाठी एक पेटी चालवते, साधी लोखंडी ट्रंक आहे, दर रविवारी जिन्याखाली उघडते. सव्वाशे पुस्तकं. त्यातलं सगळ्यात फाटलेलं पुस्तक पेगी राथमनचं गोरिलाचं आहे, 'गुड नाइट, गोरिला', १९९४ चं. तीनदा चिकटपट्टी लावली.

आबा, ते तुमच्यासाठीच आहे असं मला तुमचा प्रश्न वाचताना वाटत होतं. प्राणिसंग्रहालयाचा रखवालदार टॉर्च घेऊन एकेका पिंजऱ्याला शुभरात्री म्हणत फिरतो. मागून गोरिलानं त्याच्या किल्ल्या काढून घेतल्या आहेत. रखवालदार पुढे, आणि मागे हत्ती, सिंह, तरस, जिराफ, सगळी वरात. त्याला पत्ताच नाही. घरी जाऊन तो पलंगावर पडतो आणि हे सगळे त्याच्याच खोलीत झोपतात. त्याची बायको दिवा बंद करून शुभरात्री म्हणते आणि अंधारातून सगळे उत्तर देतात! एक अख्खं पान काळं, त्यात नुसते तिचे दोन डोळे. आमच्याकडे त्या पानावर मुलं श्वास धरतात. मग ती सगळ्यांना परत नेऊन सोडते, पण गोरिला पुन्हा मागे येतोच. एक उंदीर पहिल्यापासून दोरीनं केळं ओढत चाललेला आहे, त्याच्याबद्दल सांगू नका, नातीला शोधू द्या.

शब्द जवळजवळ नाहीतच, म्हणून मराठी-इंग्रजीचा प्रश्नच येत नाही. पान उलटायचं आणि बोलायचं.

मराठीत मुळातूनच लिहिलेलं म्हणाल, तर झोपेच्या विनोदी चित्रपुस्तकांचा आमच्या पेटीतला कप्पा अगदी लहान आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अंगाई आपल्याकडे भरपूर, पण झोपायला नकार देणारं मूल चित्रात दिसत नाही. दिसलं तर धडा शिकून शहाणं झालेलं. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं झोपेची म्हणून नाहीत, तरी जरूर आणा. राधा, यश ही आपल्या घरातली मुलं आहेत, चित्रातलं घर आपलं वाटतं. पुस्तकं ज्योत्स्ना प्रकाशनाची. शिवाय प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट २०१५ पासून आहे, तिथे मराठीतही ढीगभर चित्रकथा फुकट वाचता येतात. उतरवून छापूनही घेता येतात. मी कागदावर छापूनच पेटीत ठेवते, झोपताना पडदा नको. तिथे खुल्या परवान्यावरची गोष्ट आपण स्वतः मराठी करून टाकूही शकतो, मी दोन केल्या.

नाहीतर तुम्हीच एक बनवा. साडेतीन वर्षांच्या मुलाला चित्र सुबक लागत नाही, ओळखीचं लागतं.

प्रतापनगरची आई

उंदीर-केळ्याचं खरं आहे. माझ्या लेकानं मला दाखवलं, मी चार वेळा वाचूनही पाहिलं नव्हतं.

अजनीचे आबा

बारा दिवसांनी लिहितो आहे. ताईंचं दुपारच्या झोपेचं पहिल्यांदा केलं. एक वाजता जेवण, पावणेतीनला उठवणं. चार दिवस रडली, पाचव्या दिवशी रात्री साडेनऊला झोपली. त्रिमूर्तीनगरवाल्या भाऊंचंही ऐकलं, दिवा बंद झाला की थापटतो.

गोरिला ऑनलाइन मागवलं, कबुतर मुलीच्या मैत्रिणीकडे मिळालं. कबुतराला पोट्टी "नाही" म्हणत नाही. पहिल्या दिवशी तिनं त्याला उत्तर दिलं, "पाणी नाही भेटत, शू लागते मग." दुसऱ्या दिवशी नंदीला समोर बसवलं आणि त्याला विचारलं, देऊ का रे जागू? नंदीनं नाही सांगितलं. गोरिलात तिनं उंदीर दुसऱ्याच पानावर धरला. मला मात्र तो रखवालदार जवळचा वाटला. टॉर्च घेऊन एकेकाला बघत जातो, तसं मी गाडी सुटायच्या आधी डबे बघत जायचो, लाल-हिरवा दिवा हातात घेऊन. ती म्हणाली, हा आबा आहे. तीन रात्री झाल्या, त्याला आबाच म्हणते.

मग बनवायला घेतलं. जुन्या कॅलेंडरच्या पानांची मागची बाजू, सुईदोऱ्यानं शिवलेली. अजनी यार्डात एक मालगाडी आहे, ती झोपत नाही. पहिला डबा म्हणतो पाणी. दुसरा म्हणतो माझ्या चाकाला झोप नाही येऊन राहिली. तिसऱ्यात संत्री आहेत, ती आपसात बोलत बसतात. चौथ्याला वाटतं सिग्नल त्याच्याकडे डोळे वटारून बघतो. बोलतं कोण, ते तीच सांगते, मी फक्त लिहितो आणि काढतो. रंग ती भरते. गार्ड शिट्टी न वाजवता, हळूच, दिवा घेऊन एकेका डब्याजवळ जातो आणि त्याचं ऐकून घेतो. नऊ पानं झाली.

दहाव्यावर अडलो. शेवटी ब्रेकव्हॅन आहे, मागे लाल दिवा. सगळे डबे झोपले. पोट्टीचं म्हणणं, आता गार्ड झोपलेला काढ. मी म्हणतो, ड्युटीवरचा गार्ड झोपत नाही. हे मी कागदावरसुद्धा काढू शकत नाही, हात चालत नाही. ती म्हणते, मग त्याला कोण झोपवतं? परवापासून रोज विचारते. काल रात्री तिनं नंदीचं पांघरूण काढून माझ्या पायांवर टाकलं आणि पाठीवर थापटत बसली, मी डोळे मिटून पडलो. तिच्या आधी मला झोप लागली असं तिची आजी सांगते.

वाचनपेटीताई, तुम्हाला मुलांची पुस्तकं कळतात. पान कोरं ठेवू, की तिलाच काढू देऊ?

वाचनपेटी, मनीषनगर

तिलाच. आणि पुस्तक पूर्ण झालं की एक रविवार आमच्या जिन्याखाली या, दोघंही. नंदीलाही आणा.